ड्रमवर : रुफिन त्सेबुला

गोदुला, रुदा, पोलंड
११ फेब्रुवारी २००७

फ्रिदाताई,

मावशीच्या मयतीनंतर सहा वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तू आधी छातीवर क्रूस काढशील, की आता कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. उलट मेलेलं एक परत उठलंय आणि त्याची इतकी घाण सुटलीय की मला जेवण जात नाही.

आमचा बँड आठवतो ना? ‘फिलार’. तुझा भाऊ आखिम ड्रमवर, मी गिटारवर, आणि दोन जण जे आता आयर्लंडात विटा रचतात. एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात खाणीच्या संस्कृतीघरात चार दिवसांत आम्ही आमची पहिली आणि शेवटची रेकॉर्ड केली, ‘सहावा थर’. हजार प्रती निघाल्या, त्यातल्या निम्म्या तळघरात पाणी शिरून कुजल्या. थ्रॅश मेटल म्हणजे सुसाट पळायचं, मुंड्या हलवायच्या, एवढंच लोकांना ठाऊक. आमचं मधेच थांबायचं, वळायचं, पाचव्या ठोक्यावर तुटायचं. ऐकणाऱ्याला बोटं मोजावी लागायची. कुत्रं विचारत नव्हतं आम्हाला.

पण कॅसेटवरून कॅसेट होत ते पार ग्रीसपर्यंत गेलं. पोरं टपालाच्या तिकिटावर साबण चोळून पाकिटं पाठवायची, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट परत चालतं. तर आता व्रोत्स्वाफच्या नालेपा नावाच्या गृहस्थाला साक्षात्कार झालाय की असं ड्रम त्या काळात युरोपात कोणी वाजवलं नाही. तो ती रेकॉर्ड नव्यानं काढतोय. चांगली गोष्ट. पण वेष्टनावर काय छापलंय ते तुला ठाऊक आहे? ‘ड्रमवर : रुफिन त्सेबुला’.

हो, तोच. संस्कृतीघराचा रखवालदार. झाडूवाला. आखिम तेव्हा पाय चेचल्यामुळे आजारपणाच्या रजेवर होता. रजेवरचा माणूस ड्रम बडवतो हे खाणीला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून आम्ही त्सेबुलाचं नाव घातलं. एक वोडकाची बाटली आणि दोन हात क्रुपनियोक, रक्ताचं सॉसेज, दिलं होतं त्याला नाव वापरायचा. आणि आज तो सत्तर वर्षांचा थेरडा बोटांत कवटीच्या अंगठ्या घालून मुलाखती देतोय! म्हणे एका पायानं वाजवायची युक्ती मला हॉल झाडता झाडता सुचली. मासिकात फोटो आहे, तोंडात रक्ताचं सॉसेज, हातात आखिमच्या काठ्या. शी! मी ते मासिक चिमट्यानं धरून स्टोव्हमध्ये घातलं.

नालेपा म्हणतो, कागद आणा, नाव बदलतो. कागद एकच आहे. खाण बंद झाली तरी कामगारांच्या फायली कातोवित्सेच्या दप्तरात पडल्यात. आखिमवर शिस्तभंगाचं प्रकरण झालं होतं ना, कोणीतरी निनावी पत्रानं चुगली केली म्हणून? त्या फायलीत तो कुठे होता, काय करत होता, सगळं तारीखवार असणार. पण आखिम आता नाही, म्हणून ती फाइल फक्त सख्ख्या नातेवाइकाला मिळते. म्हणजे तुला. सोबत अर्ज जोडलाय, सही तेवढी कर. वीस मेला वेष्टन छापायला जाणार.

फोन केला नाही, कारण मी फोनवर ओरडतो असं तूच म्हणायचीस.

गिन्टर


बोत्रोप, जर्मनी
२५ फेब्रुवारी २००७

गिन्टर,

अर्ज परत पाठवतेय, सही न करता. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि घेतलंस तरी माझा इलाज नाही.

तुला त्सेबुलाची किळस येते. मला त्या सगळ्याचीच येत होती आणि अजून येते. आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर काटे-चमचे बडवत बसायचा आखिम, सकाळ नाही, दुपार नाही. आई म्हणायची, बाळा, जेवू तरी दे. मी चर्चमध्ये ऑर्गनवर बसले तरी माझ्या कानात ते काटे वाजत. आणि त्या वेष्टनावरचं चित्र! फासळ्या उघड्या पडलेला घोडा, तोंडातून कोळसा ओकतोय. ज्यानं काढलं त्याचे हात धुवायला हवे होते. अशा चित्राखाली माझ्या भावाचं बाप्तिस्म्याचं नाव? राहू दे तिथे त्सेबुला. घोड्याला शोभतो.

आणि आईला, तुझ्या सख्ख्या मावशीला, तुम्ही काय सांगितलंत ते विसरलास? पोर उस्त्रोनच्या आरोग्यधामात आहे म्हणून. ती माउली रोज त्याच्या पायासाठी जपमाळ ओढत होती, आणि तो ट्रॅमनं चार थांबे दूर बसून तुमच्यासाठी थाळ्या फोडत होता. ती हेच खरं मानून गेली. आता फायली उकरून तिला कबरीत खोटं पाडायचं का?

उपासाचे दिवस चालू आहेत. मेलेल्यांना निजू दे.

फ्रिदा


गोदुला
८ मार्च २००७

फ्रिदाताई,

सही नको करूस. पण एकदा ऐक. सोबत सीडी आहे, नालेपानं मूळ टेपवरून उतरवलेली. मी विनवणी करतोय. बायको म्हणते, लग्नातसुद्धा मी एवढ्या नम्रपणे बोललो नव्हतो.

तू म्हणशील थाळ्या फोडणं. बरं. पण तू ऑर्गनवाली आहेस, पायांनी वाजवणं म्हणजे काय हे गोदुलात तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? म्हणून सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नाही. ती गाणी आधी तशी नव्हतीच. आम्ही सरळसोट पळणारी गाणी बसवली होती, दोन्ही पायांनी दोन मोठे ड्रम बडवायचे, जगात सगळे करतात तसं. मग ऑक्टोबरात कोळशाची गाडी आखिमच्या उजव्या पावलावरून गेली, दोन बोटं काढली आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. स्टुडिओची गाडी वॉर्सातून सहा नोव्हेंबरला येणार, ती पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, रद्द करू. तो म्हणाला, “गिन्टर, मला एक पाय उरलाय, तुला तर एकही डोकं नाही. गाणी बदल.”

म्हणून बदलली. डाव्या पायाला दम घ्यायला जिथे जागा लागायची तिथे मी माप तोडलं. आठ ठोक्यांचं सात केलं, कुठे अकरा. नालेपासारखे शहाणे आज त्यावर पानंच्या पानं लिहितात, म्हणे केवढं हे गणित, केवढी दूरदृष्टी. कसली डोंबलाची दूरदृष्टी! प्लॅस्टरच्या सोयीनं झालेली रेकॉर्ड आहे ती. पण तो त्या सोयीत जे करतो ना, ते ऐक. चौथं गाणं, ‘वायुवीजन’. मी आजही ते ऐकतो तेव्हा माझीच गिटार मला आडवी येते.

आणि चुगली कुणी केली ते मला पक्कं माहीत आहे. त्सेबुलानं. दुसरं कोण होतं तिथे? सकाळी आठ ते दोन आम्ही चौघं, टेपवाला आणि किल्ल्या घेऊन फिरणारा तो. बाटली प्यायला, नाव विकलं आणि वर कळवलंही. त्या पत्रामुळे रजा रद्द झाली, नाताळनंतर आखिमला अर्ध्या पायावर खाली पाठवलं. मार्चात खाणीचं छत बसलं तेव्हा बाकीचे पळाले. तो मागे राहिला. आता त्या माणसानं त्याच्याच पायाची फुशारकी मारायची? फाइल येऊ दे, त्या पत्राचं अक्षर मी त्याच्या नाकावर चिकटवतो.

ऐक गं एकदा.

गिन्टर


बोत्रोप
३० मार्च २००७

गिन्टर,

ऐकली. खिडक्या बंद करून, शेजारच्या कोवाल्स्कीबाई बाजारात गेल्यावर.

पहिल्यांदा दुसऱ्याच गाण्याला उठून बंद केली. तो तुमचा गाणारा, त्याला कोणी घसा खाकरायला सांगितलं नव्हतं का? डुक्कर कापताना मी बघितलंय, ते जास्त सुरात ओरडतं. तुझी गिटार म्हणजे पत्र्यावर खिळा. सगळं मिळून असं वाटलं की कोणीतरी आपली ओकारी दुसऱ्याच्या कानात ओततोय. मी उठले, हात धुतले, बटाटे सोलले.

मग परत लावली. बटाटे पातेल्यातच राहिले.

‘वायुवीजन’मध्ये तू म्हणतोस तसं सात नाहीये. ते सात, सात, पाच आणि मग एक मोकळा ठोका आहे. त्या मोकळ्या ठोक्यावर तो डावा पाय उचलून दुसऱ्या ड्रमवर नेतो, आणि तो मोकळेपणा कळू नये म्हणून वरच्या हातानं छोटी थाळी दाबतो. दरवेळी. चौतीस वेळा, मी मोजलं. ऑर्गनवर पायपट्टीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना आम्हीही हेच करतो, वरच्या सुराखाली पाय लपवतो. हे त्याला शिकवलं कुणी? माझ्याशेजारी ऑर्गनच्या बाकावर कधी पाच मिनिटं बसला नाही तो.

शेवटच्या गाण्यात एकदा तो चुकतो. नालेपाला विचार, कळलंय का त्याला. काठी निसटते, ऐकू येतं. तो थांबत नाही, उरलेल्या हातानं आणि त्या एका पायानं ओढून नेतो. खुर्चीला आईच्या तपकिरी शालीनं बांधलेला तो प्लॅस्टरचा पाय, आणि घामानं भिजलेली पाठ. बघवत नाही.

म्हणून सांगते, मला हे आवडलेलं नाही. घाणेरडं आहे. त्यातला फक्त माझा भाऊ चांगला आहे. आता ही सीडी घरात कुठे ठेवावी हेच मला कळत नाहीये.

अर्जाचं पुन्हा विचारू नकोस.

फ्रिदा


गोदुला
१४ एप्रिल २००७

ताई,

चौतीस वेळा! मी ते गाणं रचलं आणि मला तो मोकळा ठोका आज कळला. नालेपाला तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, ह्या बाई कोण? शालीचं मी तुला कधी सांगितलं ते मात्र आठवत नाही. मावशीच्या मयतीला पिऊन बरळलो असेन.

आता इकडची घाण ऐक. ईस्टरच्या सोमवारी खाणीच्या जुन्या हॉलमध्ये त्सेबुलाचा सत्कार झाला. मी मागे उभा होतो. बाप्ये, पन्नाशीचे, पोटं सुटलेले, ग्रीसहून आलेले दोघं, सगळे त्याच्याकडून रेकॉर्डवर सह्या घेत होते. त्यानं दातांची कवळी काढून रुमालात ठेवली आणि “आता दाखवतो” म्हणत ड्रमवर बसला. दोन वेळा ठुम, एकदा ठाक. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, “वय झालं, बाळांनो. ती शक्ती त्या खड्ड्यात राहिली.” आणि लोक रडले! त्या खड्ड्यात काय राहिलं, कोण राहिलं, हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. माझ्या तोंडाला अशी कडू चव आली की मी बाहेर जाऊन कुंपणावर थुंकलो.

नंतर त्याला संडासात गाठलं. विचारलं, चुगली तूच केलीस ना? तर म्हणतो, “देवाशप्पथ, गिन्टर, नाव मी चोरलं, ते पाप कबूल आहे. पण पत्र माझं नाही. मला लिहिता कुठे धड येतं?” रडत होता, नाक पुसत होता, त्याच हातानं माझा हात धरला. खोटारडा. अक्षर दुसऱ्याकडून काढून घेतलं असेल. ज्यानं लिहिलं त्याचा हात झडो, एवढंच रोज झोपताना म्हणतो मी.

ताई, वीस मे जवळ आली. त्यानंतर आखिम कायमचा त्सेबुला होणार. त्याचं बाकी काय उरलंय जगात? बायको नाही, पोर नाही. स्मशानात एक दगड आणि ही एक्केचाळीस मिनिटं. तीही झाडूवाल्याच्या नावावर. आणि तू, त्याची सख्खी बहीण, सगळं मोजून ऐकून गप्प बसणार असशील तर तुझ्यात आणि त्सेबुलात मला फरक दिसत नाही. लिहिलं. आता खोडत नाही.

गिन्टर


बोत्रोप
२ मे २००७

गिन्टर,

फरक आहे. त्सेबुला जास्त चांगला आहे.

मी गेल्या आठवड्यात कातोवित्सेला येऊन गेले. तुला कळवलं नाही, गोदुलाला आले नाही. फाइल मिळाली, नक्कल सोबत आहे. खाणीच्या चौकशी अधिकाऱ्याचा शेरा आहे, आखिमचा जबाब आहे, त्यात त्यानं चारही दिवस ड्रम वाजवल्याचं कबूल करून सही केलीय. नालेपाला एवढं पुरेल. शेवटी ते पत्र आहे. अक्षर बघायला भिंग लागणार नाही तुला. नाताळच्या शुभेच्छांची कार्डं त्याच अक्षरात आली आहेत तुझ्याकडे, वर्षानुवर्षं.

मी लिहिलं. त्सेबुलानं नाही.

सांगते आता. सहा नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी, मी उस्त्रोनला म्हणून गेलेल्या आखिमला कुबड्यांवर ट्रॅममध्ये चढताना पाहिलं, बगलेत आईची शाल. आई घरी जपमाळ ओढत होती. माझं डोकं फिरलं. मागोमाग गेले, संस्कृतीघराच्या मागच्या जिन्यानं बाल्कनीत चढले आणि अंधारात उभी राहिले. तुम्ही कोणी वर पाहिलं नाही. मला वाटलं, ही घाण थांबवायची. खाणीनं एकदा दम दिला की सुटेल तो तुमच्या हातातून, पाय बरा करेल, माणसासारखा जगेल. खाली पाठवतील असं मनातसुद्धा आलं नाही. खाणीत जन्म गेलेल्या माणसाची मुलगी मी, आणि मला एवढं कळू नये!

पण खरी किळस पुढे आहे. पत्राला एक दिवस पुरला असता. मी मंगळवारीही गेले. बुधवारी गेले, गुरुवारी गेले. स्वतःला सांगत होते, तारखा नीट हव्यात, पुरावा हवा. पुरावा कसला! मला ते बघायचं होतं. उभ्या जन्मात मी असे पाय वाजताना पाहिले नव्हते, माझे स्वतःचे धरून. गुरुवारी काठी निसटली तेव्हा माझ्या तोंडून ओरडा निघाला असता, मी हातमोजा चावला. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन, जेवून, हात धुऊन ते पत्र लिहिलं.

इथल्या चर्चमधून ऑर्गन वाजवायचं आमंत्रण आलं तेव्हा लगेच इकडे निघून आले. लोकांना वाटलं जर्मनीची हाव. वाटू दे म्हटलं.

पत्र वाच आणि मग तुला काय म्हणायचं ते म्हण. हात झडायचं तू रोज म्हणतोसच.

फ्रिदा

(सोबतच्या नकलेतून)

“रुदा, ९ नोव्हेंबर १९८९. माननीय संचालक महोदय. आपल्या खाणीतील कामगार योआखिम पितलिक हा आजारपणाच्या रजेवर असून ६ ते ९ नोव्हेंबर रोज सकाळी आठ ते दोन आपल्याच संस्कृतीघरात ढोल वाजवतो. उजवा पाय प्लॅस्टरमध्ये खुर्चीला बांधलेला असतो. दोन्ही पायांचं काम तो एकट्या डाव्या पायानं करतो, आणि इतक्या वेगानं की पाहणाऱ्याला पाय दिसत नाही. माप सारखं मोडतं, सात, पाच, अकरा, तरी तो कागद समोर ठेवत नाही, आणि चार दिवसांत फक्त एकदा चुकला. दम लागला तर थांबत नाही. सोबतचे तिघे त्याच्यामागे धावत असतात, त्यांना तो सापडत नाही. मी संगीत जाणते आणि जबाबदारीनं लिहिते की असं वाजवणारा माणूस आपल्या भागात दुसरा नाही. असा माणूस आजारी कसा? चौकशी व्हावी. आपली हितचिंतक.”


गोदुला
९ मे २००७

फ्रिदा,

ताई लिहायला हात गेला आणि परत आला.

तुझं पत्र वाचून मी दुरुस्तीला घेतलेलं वॉशिंग मशीन उघडं टाकून गिऱ्हाइकाच्या घरातून निघून आलो. अंगणात बसलो. सतरा वर्षं त्सेबुलाला शिव्या घातल्या मी. त्याच्या दारावर एकदा रंगसुद्धा ओतला होता. आता त्याचीही माफी मागायला जायचं, त्या कवळीवाल्याची! तूच सांग, ओकारी येणार नाही तर काय होणार?

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मी पाद्री नाही, आणि मेला तो माझा नव्हे, आपला होता. तू त्याला वाचवायला निघालीस हे मला पटतं. ते पटतं म्हणून आणखी राग येतो. आणि माझंही ऐकून ठेव. रद्द करू म्हणालो होतो, ते एकदाच म्हणालो. तो हसला आणि मी ऐकलं, कारण मला ती रेकॉर्ड हवी होती. पायाचं काय व्हायचं ते होवो.

नालेपाला फाइल पोचली. वेष्टनावर ‘ड्रमवर : योआखिम पितलिक’ जातंय. एवढं काम झालं.

आत एक पान मजकुरासाठी आहे. मी चार कागद भरून लिहिलं होतं, रेकॉर्ड कशी झाली, आखिम कसा होता. काल परत वाचलं, निव्वळ रद्दी. नालेपानंही पानभर लिहिलंय, त्यात ‘दूरदृष्टी’ सहा वेळा. मग मी तुझं ते पत्र पुन्हा काढलं. तीन वेळा वाचलं. किळस येते, आणि तरी सांगतो, त्या रेकॉर्डबद्दल ह्या सतरा वर्षांत त्याहून खरं कोणी लिहिलं नाही. रेकॉर्ड निघायच्याही आधी लिहिलेलं. तिघे मागे धावतात आणि त्यांना तो सापडत नाही, हे मी सोडून कुणाला कळलं असेल असं मला वाटत नव्हतं.

ते मी जसंच्या तसं छापायला दिलंय. तुला विचारलं नाही, विचारणारही नाही. फक्त एकच राहिलंय. खाली सही नाही. निनावी जाऊ द्यायचं की नाव घालायचं, हे तू ठरव. वीस तारखेच्या आत कळव.

गिन्टर


बोत्रोप
१४ मे २००७

गिन्टर,

नाव घाल. एल्फ्रिदा पितलिक, पूर्ण.

‘हितचिंतक’ तेवढं खोड.

फ्रिदा